ताट वाजवलं की वळती

आयुष्यभर मी लोकांची पोरं झोपवली. तीही भर दुपारी, आणि तीही पोराला अजिबात झोप आलेली नसताना. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा’ असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं, आणि जांभई आली.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कान तपासायचे आणि न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचे. दारावरच्या पाटीवर माझ्या हुद्द्याचं लांबलचक नाव होतं, ते कुणी कधी वाचलं नाही. नव्वदच्या दशकात कर्जतपासून सोनईपर्यंतचे लोक मला ‘कानाच्या बाई’ म्हणायचे. बाजारात भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी टोपी मागे सारून कान पुढे करायचं. ‘‘बाई, जरा बघता का, आतून वाजतंय.’’ हातात दुधी भोपळा धरून मी काय बघणार, कपाळ?

पोरं झोपवायची कशाला, तेही सांगते. मोठ्या माणसाच्या कानावर टोप लावून विचारता येतं, आवाज आला का? तान्ह्या पोराला कसं विचारणार? म्हणून त्याच्या कपाळाला आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवायच्या, कानात टकटक असा आवाज सोडायचा आणि तो आत पोचल्यावर मेंदूच्या बुडाशी जी बारीक हालचाल होते, ती पडद्यावर रेघेत बघायची. रेघेवर टेकाडं उठली की समजायचं, आवाज पोचला. पोर रडलं, हललं, नुसता जबडा आवळला तरी रेघ पिसाळते. म्हणून गाढ झोप हवी. त्यासाठी गोड औषध पाजायचं, त्यातलं निम्मं माझ्या साडीवर यायचं. मग आईने मांडी हलवायची, मी दिवा मालवायचा. पोराचा डोळा लागला, चकत्या नीट चिकटल्या, की लाईट जायची. नगरच्या लाईटचं आणि माझं काय वैर होतं कोण जाणे. पंखा थांबला की पोर टक्क जागं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आया मला म्हणायच्या, ‘‘बाई, तुमीच पडा जरा.’’

‘‘डोक्याला करंट देता का?’’ हा प्रश्न रोजचा. देत नाही, डोक्यातला करंट मोजतो, असं सांगितलं की लोक आणखी घाबरायचे. पुढे पुढे मी नुसतं ‘नाही’ म्हणू लागले.

गिऱ्हाइकंही एकेक. एक गृहस्थ बहिरेपणाच्या दाखल्यासाठी आले. दोन्ही कानांनी ठार बहिरे. टोप लावला, पार छप्पर उडेल इतका आवाज सोडला, बाबाजी ढिम्म. मी टोप काढला आणि कागद आवरता आवरता पुटपुटले, ‘‘बाहेर कुणाच्या तरी चपला नेल्या वाटतं.’’ गडी जो उठला तो थेट दारात. परत आल्यावर तोच मला रागावला, ‘‘बाई, हे काय बरं नव्हं.’’ मी म्हटलं, तुमचे कान बरे आहेत, एवढंच मला लिहून देता येईल.

असली माणसं म्हणजे विरंगुळा. जीव दमवायची ती मुलं.

लोकांना वाटतं, कान ऐकतो. कान नुसता दार आहे, ऐकतो तो मेंदू, आणि तो हे शिकत शिकत ऐकू लागतो. तान्ह्या बाळाच्या रेघेवरचं टेकाड मोठ्यांपेक्षा उशिरा उठतं. वर्ष-दोन वर्षांत ते हळूहळू लवकर उठायला लागतं, कारण आतली वाट मळते. पण हे नुसत्या टकटकीचं झालं. प आणि ब वेगळे, त आणि ट वेगळे, हे ओळखायला मेंदूला पुढे कितीतरी वर्षं लागतात, आणि तेही ते आवाज रोज कानावर पडले तरच. नाही पडले तर त्या जागेवर मेंदू दुसरं काही मांडून बसतो. मग कितीही भारी मशीन लावा, आवाज येतो, पण तो काय म्हणतोय ते कळत नाही.

एकदा एका शिबिरात पुण्याहून आलेले डॉक्टर सांगत होते, की चिनी भाषेत तेच अक्षर सूर चढवून म्हटलं की एक अर्थ, उतरवून म्हटलं की दुसरा. तिकडच्या बाळांच्या मेंदूला ते सूरही वेगळे ओळखायला शिकावं लागतं, आणि वय वाढेल तसं ते जमत जातं. सगळे तोंडात बोट घालून ऐकत होते. मी शेजारणीला म्हटलं, ‘‘आमच्या सासूबाईंचा ‘या’ तसाच आहे. चार सुरांत चार अर्थ, आणि मला ओळखायला दहा वर्षं लागली.’’ ती इतकी हसली की आम्हा दोघींना चहाच्या आधीच बाहेर जावं लागलं.

असो. मला सांगायचं आहे ते शीतलचं.

शीतल माझ्याकडे आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. दसरा झाला की गाडीत संसार भरायचा, ऊसतोडीला कारखान्यावर जायचं आणि गुढीपाडव्यानंतर परत यायचं. बरोबर तिची आई छबू आणि आजी कौसाबाई. छबू कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. बोलायचं काम आजीकडे.

‘‘पोरीची जीभ जड हाय बगा,’’ कौसाआजी म्हणाली. ‘‘तिचा बापबी उशिरा बोलला. कान मातुर झ्याक हायेत. पाठीमागं ताट वाजवलं की वळती.’’

मी काही बोलायच्या आत तिने पिशवीतून खरोखरचं पितळी ताट काढलं, लाटणं काढलं आणि माझ्या त्या आवाजबंद खोलीत असं काही हाणलं, की बाहेर रांगेतली चार माणसं उठून उभी राहिली. शीतल वळली. आजीने माझ्याकडे विजयाने बघितलं. ‘‘बगा!’’

मग मी पोरीच्या मागे बसले आणि साध्या आवाजात हाक मारली. ‘‘शीतल.’’ पुन्हा जरा मोठ्याने. शीतल जमिनीवरच्या फरशीची रेघ बोटाने गिरवत राहिली. छबूचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. मला वाटतं, तिला आधीच कळलं होतं, फक्त त्या घरात विचारणार कोण होतं?

ताट ऐकू येणं वेगळं आणि बोलणं ऐकू येणं वेगळं. ताटाचा दणका जबरा. बोलणं त्यापुढे अगदी हलकं, आणि त्यातही स, श, क, त हे आवाज तर नुसती फुंकर. शीतलपर्यंत दणके पोचत होते, फुंकरी नाही. झोपवून तपासलं तरी तेच निघालं. तिला स्वतःच्या नावातला पहिला आवाज साडेतीन वर्षांत एकदाही ऐकू आला नव्हता.

‘‘बोलंल का?’’ छबूने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

‘‘मशीन लावून दिवसभर तिच्याशी बोलशील, तर बोलेल. पण वेळ थोडा आहे.’’

तेव्हाचं मशीन म्हणजे छातीवरच्या पिशवीत ठेवायची डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसवायचा साचा. ट्रस्टकडून ते मिळालं. मी दोघींना समोर बसवून सांगितलं. उठल्यापासून झोपेपर्यंत कानात. न्हाताना तेवढं काढा. आणि पुन्हा पुन्हा सांगितलं, की लहानपणी कानावर पडतं तेच मेंदूत बसतं. आजीने मान डोलावली. डबीच्या बटणाला हात लावायला मात्र ती काही केल्या तयार होईना. ‘‘नगं बाय. बिघाडलं म्हंजी?’’

काही आठवड्यांनी तिघी परत आल्या. शीतल तशीच, शब्द नाही, हाकेला वळणं नाही. मी पिशवी बघितली. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या छातीवरची पिशवी, आणि तिच्यावर वरणाचा एक डाग नाही.

‘‘आजी, मशीन घरी कुठे असतं?’’

‘‘पेटीत की. माज्या लुगड्याच्या घडीत. हिकडं यायचं म्हंजी घालतो. मावळणीच्या लग्नात घातलं हुतं.’’

‘‘अहो आजी, ते काय डोरलं आहे का सणासुदीला घालायला?’’ मी ओरडलेच.

‘‘महागाची वस्तू,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘पोर धुळीत लोळती. मोडलं तर पुन्यांदा कोन देनार आमाला?’’

आता याला काय म्हणायचं? जपलं होतं तिनं. अगदी जिवापाड जपलं होतं. आमच्या भागात चांगली वस्तू वापरून खराब करत नाहीत, नवी चादर पाहुण्यासाठी, काचेचे कप पाहुण्यासाठी. माझ्या आईच्या घरीही तसंच होतं. त्यामुळे मला तिच्यावर धड चिडताही येईना.

दसरा जवळ आला तसा घरात वाद झाला. आजीचं म्हणणं, पोरीला गावात माझ्यापाशी ठेवा, मशीन नीट राहील. छबू कधी नव्हे ती उभी राहिली. हे तिनेच मला नंतर सांगितलं, तेही खाली बघून. ‘‘मी म्हनलं, संग नेते. पेटीसाठी का दिलंय त्ये?’’

जाण्याआधी ती एकटीच विचारायला आली. ‘‘बाई, दिसभर बोला म्हनता. उसात काय बोलायचं?’’

‘‘जे करतेस तेच बोल. कोयता घेतला. ऊस तोडला. मोळी बांधली. बैल आला.’’

ती पदर तोंडाला लावून हसली. ‘‘लोक म्हनतील, छबी येडी झाली.’’

‘‘म्हणू देत.’’

पाडव्यानंतर त्या आल्या तेव्हा पिशवी काळीकुट्ट होती. वायरीला साडीच्या काठाची चिंधी गुंडाळलेली, डबीवर प्लॅस्टिक, साच्यात पाचटाची कुसळं. ती घाणेरडी वस्तू बघून झाला तितका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झाला नाही. मी शीतलच्या मागे बसून हाक मारली. ती वळली. माझ्याकडे बघून तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि म्हणाली, ‘‘मोई.’’ मोळी.

‘‘ह्ये काय बोलनं म्हनायचं?’’ कौसाआजी म्हणाली.

‘‘हेच बोलणं,’’ मी म्हटलं, आणि नाक पुसायला आत गेले.

पण हे काही कथेतलं नव्हतं, की एक शब्द आला आणि मागोमाग सगळे आले. वर्षं गेली. त्या यायच्या, जायच्या. मी तिच्या हाताच्या पाठीवर फुंकर घालून स शिकवायचे, ती तो एकदा म्हणायची आणि पुढच्या खेपेला विसरून यायची. कान वाढला की साचा सैल व्हायचा, मशीन शिट्टी मारायचं, नवा साचा करायचा. सातव्या वर्षी ती वाक्यं बोलत होती, पण त्यातले निम्मे आवाज गळलेले. स्वतःला ती ‘ईतल’ म्हणायची. घरच्यांना सगळं कळायचं, परक्याला काही नाही. शाळेत पोरं तिची नक्कल करायची. पहिल्या वर्षातच आली असती तर ही पोर घडाघडा बोलली असती, हे मला ठाऊक होतं, आणि ते डोक्यातून जात नसे. मला अजूनही त्याचा राग येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

त्याच सुमारास छबूला मुलगा झाला. चार महिन्यांचा होताच त्याला घेऊन त्या आल्या. नातीला साडेतीन वर्षं लागली, नातवाला चार महिने! हे माझ्या ओठांवर आलं होतं. छबूने ते ओळखलं असावं. ‘‘बाई, पहिल्या खेपेला कुनाला ठावं हुतं?’’ ती म्हणाली. मी बाळाचा कागद करायला घेतला.

शीतल बरोबर होती. ‘‘काय शीतलबाई, भाऊ कसा आहे?’’ मी तिच्यासमोर वाकून विचारलं. तिने आजीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. दुसऱ्यांदा विचारलं, तरी तेच.

‘‘काय झालं हिला?’’

छबू खाली बघू लागली. उत्तर आजीने दिलं. ‘‘बाळापाशी बोलायचं न्हाई म्हनून सांगितलंय तिला. तुमीच म्हनला हुता ना बाय, ल्हानपनी कानावर पडतं त्येच मेंदूत बसतं? आता उसाला गेल्यावर दिसभर झोळीपाशी हीच. हिचं बोबडं त्याच्या डोस्क्यात बसलं म्हंजी? म्हनून म्हनलं, त्वांड मिटून झोका दे.’’

माझंच वाक्य. जसंच्या तसं. बाकी सांगितलेलं सगळं विसरली होती म्हातारी, हे तेवढं पाठ.

‘‘आता कुनाशीच बोलत न्हाई,’’ छबू हळूच म्हणाली. ‘‘म्हैना झाला आसंल.’’

मी खुर्चीत बसले. तीन-चार वर्षं त्या पोरीच्या एकेका शब्दासाठी आम्ही दोघींनी जीव टाकला होता, आणि आता ती दुसऱ्यांदा मुकी होत होती, तीही शहाणपणापायी. मी आजीला समजावलं. बाळाला ऐकू येत असेल तर तो तुमचंही ऐकेल, आईचंही, ऊसतोडीवरच्या झोपडीतल्या, अख्ख्या कोपीचं ऐकेल आणि नीटच बोलेल. बहिणीच्या बोलण्याने पोर बिघडत नसतं.

‘‘येत आसंल तर ना?’’ आजी म्हणाली. ‘‘आदी त्ये तर बगा.’’

बघायला घेतलं. औषध पाजलं, त्याने ते सगळ्या पोरांप्रमाणे माझ्या साडीला दिलं. पुन्हा पाजलं. शीतलचं मशीन चकत्यांच्या वायरींजवळ आलं की रेघ बिघडायची, म्हणून मी तिच्या छातीवरचं बटण बंद केलं आणि खुणेने तिला स्टुलावर बसायला सांगितलं. बाळाला आईने जोजवलं, आजीने जोजवलं, खोलीतल्या पाळण्यात घातलं. झोपेल कसला? डोळे तारवटलेले आणि गळा सनईसारखा लागलेला. इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, खोलीत दाराच्या फटीतला उजेड तेवढा उरला, आणि पोराने असा काही टाहो फोडला की छबूही रडायला लागली. आजीने पिशवीत हात घातला. मी समजले. तेच ताट. ‘‘खबरदार,’’ मी म्हटलं.

शीतलला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिला फक्त भावाचं लाल झालेलं तोंड दिसत होतं. ती स्टुलावरून उतरली आणि पाळण्याच्या डोक्याकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून बाळाला ती दिसत नव्हती. तिने वाकून बोलायला सुरुवात केली. ‘‘ओयता. मोई. बैय आया. बैय आया.’’ कोयता, मोळी, बैल आला. आईने उसात तिला शिकवलेले तेच शब्द, एका हेलात.

बाळ थांबलं. मधेच. तोंड उघडंच राहिलं, हात हवेत. मग डोळे हळूहळू आवाजाच्या दिशेने वर फिरले.

‘‘गं बया,’’ आजी पुढे सरसावली, पोरीला मागे ओढायला. मी तिचं मनगट धरलं.

‘‘थांबा आजी. बघा.’’

शीतल श्वास घ्यायला थांबली की बाळ कुरकुरायचं. ती बोलली की गप्प. पुन्हा थांबली, पुन्हा कुरकुर. पुन्हा बोलली, पुन्हा गप्प. आम्ही तिघी बायका भिंतीला टेकून बघत राहिलो.

‘‘आवाज वळखतोय तिचा,’’ छबू कुजबुजली. ‘‘म्हंजी आमची पाठ वळली की ही बोलत हुती त्याच्यासंगं.’’

कौसाआजीने मनगट माझ्या हातात तसंच राहू दिलं.

बाळ झोपलं. लाईट आली, आणि त्या दिवशी चक्क गेली नाही. मी चकत्या लावल्या, टकटक सोडली. रेघेवर टेकाड उठलं, चार महिन्यांच्या पोराचं उठतं तसं उशिरा, पण ठसठशीत. आवाज कमी कमी करत नेला, तरी उठत राहिलं. मी छबूला पडदा दाखवला. तिला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण माझं तोंड बघून तिला सगळं कळलं.

‘‘आजी,’’ मी म्हटलं, ‘‘मशीनने सांगितलं ते नंतर. आधी हिने सांगितलं.’’

शीतल पुन्हा स्टुलावर जाऊन बसली होती, आमच्याकडे पाठ करून, पाय हलवत. आजी तिच्या मागे गेली.

‘‘शीतल,’’ तिने हाक मारली. ‘‘ए बाय. बोल त्याच्यासंगं. बोल तुला काय बोलायचं त्ये.’’

शीतल पाय हलवत राहिली. मी पुढे होणार, तेवढ्यात आजीच्याही ध्यानात आलं. ती वळसा घालून नातीच्या समोर आली, गुडघे धरत कशीबशी उकिडवी बसली. मग तिने पोरीच्या छातीवरच्या मळकट पिशवीत आपली दोन बोटं घातली, चाचपून बटण शोधलं आणि दाबलं.

‘‘बोल माजी बाय,’’ ती मोठ्याने म्हणाली. ‘‘बाळासंगं बोल.’’

शीतलने आजीकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि आजीला दटावलं.

‘‘ओपयाय त्यो,’’ ती म्हणाली. झोपलाय तो.